पसंतीचा घास

पंपघरात सहाच खुर्च्या होत्या. दिपालीने तात्यांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. उठून जायचं झालं असतं तर आधी त्यांना तिला उठवावं लागलं असतं.

धरणाचं पाणी मागे हटलं तसं हे गोल पंपघर बंद पडलं होतं. काठावरून तिथवर येणारा लोखंडी पूल अरुंद होता. तात्या दोन्ही कठडे धरून आले होते. मोटारींच्या जागी आता कडुलिंबाची लांब फळी होती आणि फळीपलीकडे युवराज. जपानात आठ वर्षं सुशी करून तो इंदापूर तालुक्यात परतला होता. फक्त दुपारी, फक्त सहा माणसांना जेवू घालायचा.

"तात्या, इथं काही मागायचं नसतं," दिपाली म्हणाली. "हा आपल्या मनानं एकेक घास करून देतो. दिला की लगेच तोंडात टाकायचा. काय पाहिजे म्हणून कुणी विचारत नाही."

"हे बरं हाय," तात्या म्हणाले.

तेवढ्यासाठीच ती त्यांना घेऊन आली होती. आई जाऊन दोन महिने होत आले होते. तात्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुखणं काही निघालं नाही. तरी सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली होती. काय करू जेवायला, असं विचारलं की ते 'काय बी नको' म्हणत. न विचारता ताट वाढलं तर दोन घास खाऊन एका वाटीकडून दुसऱ्या वाटीकडे बघत बसत. सोमवारी तिला नाशिकला परतायचं होतं. सणसरचं घर सोडून ते येणार नव्हते.

युवराजने हात ओला केला, चिमूटभर भात मुठीत दाबला, त्यावर सुरमईचा पातळ तुकडा ठेवला आणि घास तात्यांच्या पुढ्यात मांडला. तात्यांनी तो तीन बोटांनी उचलला, तोंडात टाकला, हळूहळू चावला. गिळला.

दिपालीचा श्वास मोकळा झाला.

"आरं युवराज, ह्यो घास हाय का नमुना?" पलीकडच्या खुर्चीवरचे हिंदुराव म्हणाले. कळसचे द्राक्षबागाईतदार, बायकोला घेऊन तिसऱ्यांदा आले होते. "आमच्यात एवढा भात चिमण्यास्नी टाकत्यात."

"चिमण्या नावं ठेवत न्हाईत, बापू," युवराज हात न थांबवता म्हणाला.

सगळे हसले. तात्याही.

मग कोळंबी आली. अंड्याची गोडसर वडी आली. हिरवी झणझणीत चटणी लावलेला पापलेटचा तुकडा आला तेव्हा तात्यांच्या नाकाला झिणझिण्या आल्या. "मोहरीवानी हाय की," ते म्हणाले आणि डोळे पुसले. पाचव्या घासाला चिलापी मासळी, बाहेरच्याच पाण्यातली. "ही कच्ची देत न्हाई मी, गोड्या पाण्यातली हाय," म्हणत युवराजने ती निखाऱ्यावर धरली. तात्यांनी तीही खाल्ली. पुढचे तीन घासही खाल्ले.

"ताई, तुमचा घास तसाच पडलाय. भात सुकतो," युवराज म्हणाला.

तिने तो कसातरी तोंडात कोंबला. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. शेजारच्या रंगूबाईंना सांगता येईल. ताट वाढू नका म्हणावं, समोर बसून एकेक घास द्या. भाकरीचा द्या, भाताचा द्या, पण एकेक. रंगूबाई ऐकतील. आईच्या मैत्रीण होत्या त्या.

आठ घास झाले. युवराजने ओल्या फडक्याने सगळी फळी पुसून घेतली.

"आता शेवटचा घास तुमच्या पसंतीचा," तो म्हणाला. "तिकडची रीतच हाय. मघापासून जो सगळ्यात आवडला तो सांगा, परत करून देतो."

दिपालीने त्याच्याकडे पाहिलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"चिलापी," हिंदुराव लगेच म्हणाले. "आन् जरा मोठा कर." त्यांच्या बायकोने कोळंबी सांगितली. युवराजने दोन्ही करून दिले, भाताचा नवा गोळा तळहातावर घेतला आणि तात्यांकडे वळला.

"तुमी, तात्या?"

तात्यांनी फळीकडे पाहिलं. तिच्यावर काहीच नव्हतं.

"सांगा की," हिंदुराव म्हणाले. "नव्या नवरदेवावानी लाजताय कशापायी?"

"चिलापी द्या त्यांना," दिपाली घाईने म्हणाली.

"व्हय, चिलापी," तात्या म्हणाले. मग तिच्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "त्यातली चिलापी कुठली व्हती गं?"

"ती नाही का, भाजलेली. धुराचा वास होता तिला. आवडली ना तुम्हाला?"

"आसंल." ते म्हणाले. "जेवण झालं की तुझी आई सांगायची, आज तुमाला ह्ये लई आवडलं. मग मला बी वाटायचं, व्हय, आवडलं."

आठही घासांना दिपाली त्यांच्या गळ्याकडे बघत होती, गिळतायत की नाही एवढंच. चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं होतं.

युवराज भात तळहातावर घेऊन उभा होता. दुसरा हात त्याने माशांच्या तुकड्यांवर नेला होता. तो अजून कुठल्याच तुकड्यावर टेकला नव्हता.