अरबाबाची हिंदी

अरबाबाला, म्हणजे कुवेती मालकाला, हिंदी येत नाही, हे कोणीतरी त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं. दिल्ली, आग्रा, लखनौ फिरून तो कुवेतला परतला तो तणतणतच. त्याला विमानतळावरून रुमैथिया भागातल्या घरी नेणारा ड्रायव्हर यूसुफ मूळचा दापोलीचा. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, म्हणून रजा पुन्हा कशी मागावी याचे शब्द तो मनात जुळवत होता. तेवढ्यात मागच्या सीटवरून अरबाब सुरू झाला.

"एकोणीस वर्षं तू मला खोटी हिंदी शिकवलीस. आग्र्यात रिक्षावाल्याला म्हटलं, 'चुप, सीधा चलो', तर त्याने भर बाजारात उतरवलं. लखनौला वेटरला म्हटलं, 'जल्दी पानी लाओ', तर म्हणाला, 'नल उधर है.'"

"मी नाही शिकवली, अरबाब. मी फक्त तुमच्या तोंडून ऐकली."

अरबाब पुढच्या सीटकडे झुकला.

"मग तिकडची माणसं एकमेकांशी बोलतात तरी कशी?"

यूसुफने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मागे वळला.

"'बेटी की शादी है, मेहरबानी करके पंद्रह दिन की छुट्टी दीजिए.' अशी बोलतात. रमजानपासून चार वेळा मी तुमच्याशी हेच बोललोय. आता उत्तर द्या."