शेवटचा आकडा

बेळगोळच्या कारखान्याची आमची वेबसाइट वीस वर्षांपूर्वीची, क्लासिक एएसपी या जुनाट तंत्रातली, आणि ती सांभाळणारी मी एकटी. कर्मचाऱ्यांची खासगी पत्रं तिथूनच डाउनलोड करायची. पण लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की लॉगिन न करताही कुणाचंही पत्र उघडतं, हे मी एचआरच्या विजयेंद्र सरांना दाखवलं आणि दुरुस्तीची परवानगी मागितली.

सर घरी माझ्यासारखंच मराठी बोलणारे. पण सगळ्या ऑफिससमोर आधी कन्नडमध्ये "कळ्ळी!", म्हणजे चोरटी, म्हणून ओरडले, मग मराठीत, "दुसऱ्यांची कागदं चोरून बघतेस आणि वर मलाच शिकवतेस होय?"

संध्याकाळी माझं लॉगिन बंद. पाठोपाठ सरांचा फोन.

"सुष्मा, तुझं बडतर्फीचं पत्र साइटवर टाकलंय. डाउनलोड करून घे."

"लॉगिन तर तुम्हीच बंद केलंत, सर."

"ते तुझं तू बघ."

बघितलं. माझ्या जुन्या पत्राची लिंक काढली आणि शेवटचा आकडा वाढवत गेले. ४१७ वर माझं पत्र सापडलं. डोक्यात राग एवढा होता की बोट थांबलंच नाही, ४१८ही उघडलं.

तेही बडतर्फीचंच. येत्या सोमवारची तारीख, खाली मालकांची सही, वर नाव विजयेंद्र सरांचं.

सरांना लगेच फोन करणार होते. पण दुसऱ्यांची कागदं चोरून बघितलेली त्यांना आवडत नाहीत.