खालाचा पिस्ता स्कार्फ

खालू वारल्यानंतरची नुजहतखालाची इद्दत संपली, त्या दिवशी मी शाळेतून थेट तिच्याकडे धावले. चार महिने दहा दिवसांचा तो शोककाळ, ना रंगीत कपडे, ना सुरमा! खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण, खालू तिचे पती. मला स्कार्फ बांधायला तिनेच शिकवलं, तिच्यामुळेच वर्गातल्या मुली रोज विचारतात, “आज कुठली स्टाइल गं?”

“आज मी बांधणार,” म्हणत मी तिला आरशासमोर बसवलं आणि तिचा लाडका पिस्ता रंगाचा स्कार्फ लपेटला. कानामागे पिन लावली, खांद्यावर चुण्या सोडल्या. “बघ, कॉलेजातली दिसतेस!”

खाला हसली. मग आरशात बघता बघता तिचा हात पिनेवर थांबला. “घरातून निघताना रोज तुझे खालूच बघायचे, पिन सरळ आहे का ते.”

तिने पिन काढली. स्कार्फ माझ्या डोक्यावर घालून नीट बांधला आणि स्वतः पुन्हा पांढरी ओढणी ओढून घेतली. “तूच वापर आता. मला नको वाटतात रंग.”

मी काहीतरी बोलणार होते, पण नजर आरशाकडे गेली. त्या स्कार्फमध्ये मी इतकी छान दिसत होते, की मला खालाकडे बघवेना.