दोन कडक चहा

नळीने मूत्राशयात भरलेली हवा नर्सने काही मिनिटांनी पिचकारीत ओढून घेतली आणि मशीनला लावली. टेबलावर पडलेली बाई मान उंच करकरून पडद्याकडे बघत होती. लोक आकडा कमी यावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात. हिने जास्त यावा म्हणून घातले होते. कुणाला सांगता तरी येतं का असलं काही!

पण प्रत्येक तपासणी नॉर्मल आली की घरच्यांच्या नजरा बदलतात. सासू तोंडावरच म्हणायची, "मनाचे खेळ." नवरा तसं कधी म्हणाला नाही. चहाने तिच्या लघवीची आग भडकते हे कळल्यावर त्या पक्क्या चहाबाजाने स्वतःचाही चहा सोडला होता. फक्त फार दमला की विचारायचा, "खरंच एवढं दुखतं का गं?" ते 'खरंच' तिला सासूच्या बोलण्याहून जास्त लागायचं.

आकडा आला. अगदीच कमी.

नवऱ्याला आत बोलावून डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "मूत्राशयाला आतून जखमा असल्या की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाढतो. यांचा वाढलेला नाही. म्हणजे हा जखमांचा प्रकार नसावा. पण जखमा नसल्या तरी दुखणं खरंच असतं, आणि तेवढंच तीव्र असतं. पथ्य सोडू नका."

'जखमा' आणि 'नसावा' एवढंच त्याने ऐकलं. जीव असा भांड्यात पडला की पुढचं कुठून ऐकू येणार!

कँटीनमध्ये बसता बसताच तो ओरडला, "दोन चहा! कडक!" त्याचे डोळे भरून आले होते. "काही नाही निघालं गं. रोज वाटायचं, तू जातेस माझ्या हातून."

"अहो, पण त्या पुढे म्हणाल्या की..."

"ऐकलं सगळं. आता घाबरायचं नाही. घे, गरम आहे तोवर."

पहिला घोट घेताना त्याने डोळेच मिटले. इतका सुखी तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता. तिला रडू येत होतं, ते तिने गिळलं. मग कप उचलला आणि चहाही गिळला.

"कसा झालाय?"

"छान," ती म्हणाली आणि बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते तिने बघून ठेवलं.