औसेप्पच्चनची विहीर

गावातल्या पोरांच्या छोट्या रहस्यपटाला औसेप्पच्चनने आपली विहीर फुकट वापरू दिली. अट एकच : "माझं नाव सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात. आणि काय दिलं तेही लिहायचं."

"चेट्टा, शेवटी टाकतो ना," दिग्दर्शक शिजो हात जोडून म्हणाला.

"शेवटी थांबतंय कोण? तेव्हा सगळे चपला शोधत असतात."

सिनेमात गायब झालेला पोस्टमन सापडतो कुठे, हे औसेप्पच्चनने तीन महिने बायकोच्याही कानावर घातलं नाही. अन्नम्माने रुसून चार दिवस मासळी रांधली नाही, तरी नाही.

वाचनालयाचा हॉल गच्च भरला. दिवे मालवले आणि पडद्यावर पहिली पाटी आली :



"पोस्टमनचं प्रेत टाकायला स्वतःची विहीर देणारे श्री. औसेप्पच्चन यांचे मनःपूर्वक आभार."