रुमाल कुठं गेला?

“रुमाल कुठं गेला?” वर्डेलनं तिसऱ्यांदा विचारलं.

“राहिला कुठंतरी,” खुर्चीतली रनिटा म्हणाली, आणि कंगवा अडकताच “आई गं!” करून तिनं मान आखडली.

“आगीत शिरते आणि कंगव्याला रडते! तुझ्या हाताखालच्या पोरांना कळू दे एकदा, त्यांची कॅप्टन कसली आहे ते.”

रांगेतल्या बायका हसल्या. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मेम्फिसमधल्या वर्डेलच्या केसांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वर्डेल मात्र हसली नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिनं स्वतः रनिटाच्या डोक्यावर बारीक वेण्या घालून त्यांवर एक्स्टेन्शनच्या, म्हणजे विकतच्या केसांच्या, पट्ट्या सुईदोऱ्यानं शिवल्या होत्या. खांद्याखाली कसे सळसळत होते ते केस! आता मानेमागं त्यांचा काथ्यासारखा गोळा झाला होता. तेल लावायचं, टोकाकडून एकेक बट सोडवत वर यायचं, मुळाशी कंगवा घालायचा नाही. हे सगळं करून दोन तास झाले, तरी मूठभर गोळा जागचा हलेना.

गुरुवारी दुपारी काय घडलं ते दुकानाला पाठ होतं. मदर टॉलिव्हरच्या घराला आग लागली. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या त्या मदर, वय ब्याऐंशी. अग्निशमन दलाच्या गाडीबरोबर आलेली रनिटा धुरात शिरली आणि त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. “केसालाही धक्का लागू दिला नाही पोरीनं,” बायका सकाळपासून म्हणत होत्या. सोमवारी रनिटाला बढती मिळणार होती. महापौरांसमोर शपथ. त्या हुद्द्यावर या वस्तीतली बाई आजवर चढली नव्हती, आणि त्या दिवशी ते डोकं कुणाच्या हातचं असणार हे वर्डेलनं अख्ख्या रस्त्याला सांगून ठेवलं होतं.

पण दुकानाचा नियम म्हणजे नियम. नवे केस शिवले की वर्डेल प्रत्येकीला एक रेशमी रुमाल द्यायची. झोपताना बांधायचा. रनिटाला तर तिनं बजावलं होतं की हेल्मेटखालीही बांधायचा, नाहीतर केस घासून त्यांचं घरटं होईल. निष्काळजीपणानं केस घालवले तर कात्री, आणि नाव गिऱ्हाइकांच्या वहीतून बाद. सख्ख्या बहिणीचं नावसुद्धा तिनं असंच खोडलं होतं.

“जाऊ दे ना, मिस वर्डेल,” शेजारच्या खुर्चीतली डनिशा मध्येच बोलली. तिचं अर्धं डोकं शिवून झालं होतं, अर्धं वाट बघत होतं. “नळीचं पाणी पडलं असेल अंगावर. त्याला ती काय करणार?”

“पाण्याला कोण बोलतंय? रुमाल असता तर पाणी पडूनही हे झालं नसतं. आणि वर ओल्या केसांनी झोपली, ती वेगळीच अक्कल!” वर्डेल रनिटाच्या समोर आली. “बांधलाच नव्हतास ना? खरं सांग.”

रनिटानं एकदा खिडकीकडे पाहिलं.

खिडकीशी मदर टॉलिव्हर बसल्या होत्या. त्या या दुकानात केस करून घ्यायला कधीच आल्या नाहीत. दर शनिवारी गप्पांना यायच्या, खुर्चीतल्या डोक्यांकडे बघून नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, “देवानं दिलं ते मला पुरलं, बाई. एक केस विकतचा नाही!” आज भाचीची टोपी कानांपर्यंत ओढून त्या बसून होत्या. घर गेलेल्या माणसाला काय विचारणार, म्हणून कुणी त्यांना छेडलं नाही.

“मिस वर्डेल, कापून टाका,” रनिटा हळूच म्हणाली. “नाव खोडायचं तर तेही खोडा. तुमचा नियम आहे.”

वर्डेलला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटलं. ही पोर सहा वर्षांची असताना आईच्या मांडीवरून तिच्या खुर्चीत आली होती, आणि आज तिच्याशी धड खोटंही बोलत नव्हती. तिनं ड्रॉवर उघडला आणि कात्री काढली.

“वर्डेल.”

मदर टॉलिव्हर उठून उभ्या राहिल्या होत्या.

“मदर, नको,” रनिटा घाईनं म्हणाली. “तुम्ही बसा बघू.”

मदरनी दोन्ही हातांनी टोपी काढली. खाली बोटभर लांबीचे, विरळ, पांढरे केस होते. मधून टाळू दिसत होती. डनिशानं तोंडावर हात ठेवला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात तशी मान ताठ ठेवून मदर सगळ्या बायकांसमोर तशाच उभ्या राहिल्या.

“कात्री ठेव खाली,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं मिरवलेले माझे विकतचे केस गुरुवारी धुऊन न्हाणीत हँगरला वाळत घातले होते. ते जळाले, आणि असल्या डोक्यानं गल्लीसमोर येण्यापेक्षा जळलेलं बरं म्हणून मी पलंगाला धरून बसले, तेव्हा या पोरीनं हेल्मेट काढलं, स्वतःचा रुमाल सोडून माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाली, ‘चला मदर, आता ताठ मानेनं.’”