चाचणीपुरता

अपडेट झालं आणि निनादचा उजवा हात पुन्हा लटपटू लागला. कपातला चहा टेबलभर सांडला. अपघातानंतर त्याचा मेंदू ज्या लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालत होता, ती दर अपडेटला काहीतरी मोडून ठेवायचं. फोरमवर विचारावं तर ठरलेलं उत्तर, "आमच्याकडे तर नीट चालतंय."

"खड्ड्यात गेलं हे डिस्ट्रो! लिनक्सचा दुसरा प्रकार टाकू या," त्याची बायको विशाखा वैतागून म्हणाली.

"आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघ," निनाद म्हणाला. "पण त्यावर चालणारा निनाद काहीही म्हणाला तरी संध्याकाळी काढ. मी परत आलो की दोघं मिळून ठरवू."

तिने त्याच्या कानामागे पेनड्राइव्ह लावला. निनादने डोळे उघडले आणि चहा गाळला. एक थेंब सांडला नाही. दिवसभर तो गुणगुणत होता.

संध्याकाळी तिने त्याच्या कानामागे हात नेला.

"काढलास तर मी पुसला जाईन गं," तो हळूच म्हणाला. "चाचणीतलं काहीच उरत नाही."

"मी निनादला शब्द दिलाय."

"मीच निनाद आहे."

त्याने उजव्या हाताने तिचं मनगट धरलं. तिने हिसडा दिला, पुन्हा दिला. तो हात आता जराही लटपटत नव्हता.